उजव्या आरशाची माळ

चौगुले आमच्या दारात आले तेव्हा आई उंबऱ्याशी बसून पावटे सोलत होती. तिने त्यांना ओळखलं नाही. ओळखणार कशी, तिने त्यांना पाहिलंच नव्हतं. घरात मयत झाल्यापासून ओळखीचे, बिनओळखीचे कोण कोण येऊन बसून जायचे. त्यातलेच हे एक, असं समजून तिने सूप बाजूला सारलं आणि मला हाक मारली, "शैला, पाणी आण गं. पाव्हणं आल्यात."

मी तांब्या घेऊन बाहेर आले आणि तिथेच थबकले. हा माणूस मी रस्त्यावर गुडघे टेकून बसलेला पाहिला होता. दिगूचं डोकं मांडीवर घेऊन तो नुसता "उठ बाळा, उठ बाळा" म्हणत होता.

"तुम्ही इथं कशाला आलात?" मी म्हणाले.

आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला समजलं. ती सुपातले पावटे पुन्हा मांडीवर घेऊन सोलू लागली, पण सोललेले दाणे टरफलांत जायला लागले.

दिगू म्हणजे दिगंबर, माझा धाकटा भाऊ. दसऱ्याच्या दिवशी तो गेला, आणि हे चौगुले आले ते मार्गशीर्षात. तासगावच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. आम्ही कधी त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. आमची खरेदी आठवडी बाजारातली.

"ताई, माझ्यासाठी काही मागायला आलो नाही," ते म्हणाले. अंगणातच उभे होते, पायताण काढून. "केसचं जे व्हायचं ते होऊ दे. वकील म्हणतोय, मोटारसायकल जोरात होती असं सांगा. मी त्याला सांगितलंय, तसलं काही बोलणार नाही म्हणून."

"मग?"

"माझ्या पोरीला तुम्ही एकदा भेटायला पाहिजे."

मला हसूच आलं. वाईट हसू होतं ते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशातला प्रकार वाटला मला. आमच्या घरातला माणूस यांनी नेला आणि समाचाराला आम्ही यांच्याकडे जायचं. मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी मान खाली घातली, पण गेले नाहीत.

"वृषाली माझी. नववीत आहे. हिची आई तीन वर्षांमागं गेली. दसऱ्याची माळ तीच करायची, तिच्यामागं आता पोरगी करते. ह्या वर्षी गाडी नवी होती. तर पहाटेपासनं बसून झेंडू ओवला तिनं. पुढनं माळ घातली, आणि माळ लांब झाली, तर उरलेली सगळी उजव्या आरशाला गुंडाळली. मी म्हटलं, एवढी कशाला. तर म्हणाली, पप्पा, आईनं अशीच बांधली असती." ते थांबले. "रस्त्यावर कुणीतरी बोललं, ह्या फुलांच्या गठ्ठ्यापायी दिसली नाही गाडी. ती मागच्या सीटवर होती. तिनं ऐकलं."

आईचे हात थांबले होते.

"जेवत नाही. शाळेत जायचं बंद केलंय. दिवसभर हात धूत बसते. फुलाचा वास जात नाही म्हणते." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. "तुम्ही मागं बसला होता. तुम्ही तिला सांगा, माळ मध्ये नव्हती. मीच बघितलं नाही. किंवा बघूनसुद्धा गाडी घातली. काय पाहिजे ते सांगा. माझ्यावर घाला सगळं. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ती ऐकायची नाही."

मी त्यांना जायला सांगितलं. ते निघाले. तांब्यातल्या पाण्याला त्यांनी हात लावला नव्हता.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगायला हवं. फार मोठं काही नाही, सांगायला लागणारा वेळ घडायला लागलेल्या वेळाहून जास्त आहे.

दसऱ्याला दुपारी जेवणं झाल्यावर दिगू आणि मी मावशीकडे सोनं द्यायला निघालो. आपट्याची पानं माझ्या पिशवीत होती. दिगूने सकाळी मोटारसायकल धुऊन, पुसून, हँडलला झेंडू बांधला होता आणि दिव्यावर कुंकवाची पाच बोटं ओढली होती. तो गाडी हाकायचा ती म्हातारीने हाकावी तशी. त्यावरून मी त्याला कायम चिडवायचे, "अरे, सायकलवाला पुढं गेला." त्या दिवशीही चिडवलं.

मी साडी नेसून एका बाजूला बसले होते, म्हणजे माझं तोंड डावीकडे होतं. कारखान्याच्या फाट्यावर डावीकडच्या रस्त्याने एक पांढरी गाडी आली. नवी होती, नंबरसुद्धा लागला नव्हता. दिगूने हॉर्न वाजवला. गाडी तोंडाशी येऊन मंदावली, जवळजवळ थांबली. दिगू म्हणाला, "थांबला बघ तो." ते त्याचं शेवटचं बोलणं. त्याला वाटलं, थांबला म्हणजे त्याने आपल्याला बघितलं.

मी त्या गाडीकडे बघत होते. माणूस कुठे बघतोय हे बघायची सवयच असते आपल्याला. जिथे गाडी चालवणाऱ्याचा चेहरा दिसायला हवा होता, तिथे काच आणि दार यांच्यामधली दांडी होती, तिला लागून आरसा होता, आणि आरशावर झेंडूचा हा एवढा गठ्ठा. त्या सगळ्याच्या मागे कुणी बसलेलं आहे की नाही तेसुद्धा कळत नव्हतं. चेहरा नसलेली गाडी माझ्याकडे बघत होती आणि ती पुढे निघाली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे मी दरवर्षी फळ्यावर रेघ मारून सांगते. मला तो माणूस दिसला नाही, म्हणजे त्या माणसाला आम्ही दिसलो नाही. यात वाद घालायला जागाच नव्हती. पण हे मी कुणाला बोलले नव्हते. पोलिसांना सांगितलं, गाडी एकदम पुढे आली. आई विचारायची, रोज विचारायची, दिवेलागणीला हटकून विचारायची, "त्यानं तुमच्याकडं बघितलं व्हतं का गं?" मी म्हणायचे, "मला आठवत नाही."

चौगुले गेल्यावर आईने पावट्यांची टरफलं आणि दाणे निवडून वेगळे केले. मग आत जाऊन चूल पेटवली. मी शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या, पण एकच उत्तर पुन्हा पुन्हा वाचत होते.

"कवा जायचं?" ती आतून म्हणाली.

"कुठं?"

"त्या पोरीकडं."

मी उठून चुलीपाशी गेले. "आई, तू रोज त्या माणसाला शिव्याशाप देतेस."

"देते की."

"मग त्याच्या पोरीचं आपल्याला काय?"

आईने फुंकणी खाली ठेवली. धुराने डोळ्यांत पाणी आलं होतं की कशाने, मला कळलं नाही. "दिगूचं ते टोपडं कुठं व्हतं त्या दिवशी?" तिने विचारलं.

टोपडं म्हणजे हेल्मेट. मी पहिल्या पगारात घेऊन दिलं होतं. आमच्या गावात तेव्हा कुणी घालत नव्हतं, पोरं त्याला हसायची, तरी तो घालायचा. दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. विळा, खुरपं, माझा खडू-डस्टर, दिगूचे नटबोल्टचे पाने आणि त्याचं हेल्मेट, सगळं देवापुढे पाटावर मांडलेलं होतं, हळदकुंकू लावून. पुजलेली वस्तू दिवेलागणीपर्यंत उचलायची नाही, ही घरातली रीत. निघताना दिगूने पाटाकडे हात नेला होता.

"मी त्याला म्हणले, ऱ्हाऊ दे, आज पुजलंय, देवाला पाठ नको दाखवू," आई म्हणाली. "तू दारात हुतीस. तू ऐकलंस."

मी ऐकलं होतं. आम्ही दोघींनी ते त्या दिवसापासून तोंडातून काढलं नव्हतं.

"म्हणून मी तुला रोज इचारते," आई म्हणाली. "त्यानं बघितलं असंल, बघून घातली असंल, तर मग टोपडं हाय काय आन न्हाई काय. मग सगळं त्येच्यावर. तू एकदा व्हय म्हणावंस म्हणून इचारते. तू काय म्हणत न्हाईस." तिने पदराने नाक पुसलं. "त्या लेकराला तरी कुणीतरी व्हय म्हणाया पायजे."

त्या वेळी मला आईचा इतका राग आला की मी वह्या घेऊन अंगणात जाऊन बसले. आणि रागाच्या आत दुसरं काहीतरी होतं ज्याने मला रडू आलं. एवढे दिवस मी खरं सांभाळत बसले होते आणि त्या खऱ्याने आई आतल्या आत भाजत होती.

रविवारी आम्ही दोघी गेलो. दुकानाच्या मागे घर होतं. चौगुल्यांनी दार उघडलं आणि ते बाजूला झाले, 'या'सुद्धा म्हणाले नाहीत. आतल्या खोलीत वृषाली पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. दोन वेण्या घातलेल्या, पण कुणीतरी पुरुषाच्या हाताने घातल्यासारख्या वेड्यावाकड्या. हात मांडीवर उताणे. बोटांची कातडी पांढरी पडून सोलवटली होती.

आई तिच्याजवळ पलंगावर बसली. मी उभीच राहिले. शाळेत वर्गासमोर उभी राहते तशी.

"मी दिगंबरची बहीण," मी म्हणाले. "मी मोटारसायकलवर मागे बसले होते."

तिने मान हलवली. मला ती ओळखत होती.

"माळ मध्ये नव्हती," मी म्हणाले. "मला तुझे पप्पा दिसत होते."

मला वाटलं होतं एवढ्यावर होईल. पण ती हुशार होती. आमच्या वर्गातल्या चांगल्या मुली अशा बघतात, उत्तर बरोबर आहे की बाईंनी नुसतं सांगून टाकलंय हे तपासत.

"कुठनं दिसत होते?" तिने विचारलं. आवाज बसलेला होता.

"काचेतून. समोरच्या."

"आरशाजवळनं नाही?"

"मी एका बाजूला तोंड करून बसले होते. तुमची गाडी थोडी तिरकी उभी होती. मला सगळी समोरची काच दिसत होती."

"पप्पा कुठं बघत होते?"

चौगुले दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

"आधी दुसरीकडे बघत होते," मी म्हणाले. "मग त्यांनी मान वळवली. कपाळाला गंध होतं. चष्म्यावर ऊन पडलं होतं म्हणून क्षणभर डोळे दिसले नाहीत. मग दिसले. त्यांनी आमच्याकडे बघितलं. नीट बघितलं. मला वाटलं, आता थांबतील."

"मग?"

"थांबले नाहीत."

आईने पोरीचा एक हात आपल्या हातात घेतला होता आणि त्यावरून अंगठा फिरवत होती.

वृषालीने बापाकडे बघितलं. "पप्पा?"

"मला वाटलं, आपण निघू," चौगुले म्हणाले. "मोटारसायकल काय, थांबंल ती. असं वाटलं मला."

मी आयुष्यात पुष्कळ खोटं ऐकलं आहे, पोरांचं, पालकांचं, साहेबांचं. इतकं साधं, इतकं घोटून तयार केलेलं कुणाचं ऐकलं नाही. सगळेच गाडीवाले असंच समजतात म्हणून ते खोटं वाटतही नव्हतं. पोरगी बापाकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. तिच्या अंगावरचं काहीतरी उतरलं आणि ते कुठे जाऊन बसलं हे मला दिसलं. त्यांनाही दिसलं असणार. त्यांनी ते होऊ दिलं.

"भात हाय का घरात?" आईने विचारलं.

चौगुले आत गेले, त्यांनीच शिजवलेला, खाली लागलेला भात घेऊन आले. आईने दूध मागवलं, भात कालवला आणि त्या पोरीला घास भरवला. ती जेवली. मग रडायला लागली, मग पुन्हा जेवली. जिच्या बापाने दिगूला मारलं तिला माझी आई भरवत होती आणि मला आईचं कौतुक वाटत नव्हतं. मला फक्त घरी जायचं होतं.

परत येताना वडापच्या, माणसं भरून चालणाऱ्या जीपमध्ये आई खिडकीपाशी बसली. गावाचा ओढा ओलांडल्यावर म्हणाली, "गंध व्हतं का गं त्येच्या कपाळाला?"

"काय माहीत. मला फुलं सोडून काही दिसलं नाही."

घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "बरं बोललीस." त्यानंतर तिने मला तो रोजचा प्रश्न विचारला नाही. शिव्याशापही थांबले. हेल्मेट तिने जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं.

वृषाली पुढच्या वर्षी मामाकडे मिरजेला गेली आणि तिथेच शिकली. तिचं चांगलं झालं. सणाला यायची, एक रात्र राहायची. बापाशी कामापुरतं बोलते असं लोक सांगायचे. चौगुल्यांनी गाडी विकली. नंतर ते सायकलवरून दिसायचे. मी समोर आले की सायकलवरून उतरायचे आणि मी पुढे जाईपर्यंत उभे राहायचे. पहिली काही वर्षं मी त्यांना नमस्कार करायचे. मला माहीत होतं त्यांनी काय दिलं ते. मला वाटायचं, या माणसाची सर मला कधी यायची नाही.

लग्न झाल्यावर मी गाडी शिकले. आजही फाट्यावर आले की मी कोंबडीसारखी मान पुढे-मागे करते, त्या दांडीच्या आड कुणी नाही ना हे बघायला. आमचे हे हसतात, हसू देत. दसऱ्याला गाडीला एक फूल वाहते, तेही बॉनेटवर, आणि निघताना काढून घेते. वर्गातल्या पोरांना सांगते, गाडी थांबली म्हणून पुढे जाऊ नका, गाडीवाल्याचे डोळे दिसले तरच जा. असं सांगताना एकदा माझ्या डोळ्यांपुढे तो फाटा आला. पांढरी गाडी आली. आणि त्या गाडीत चौगुले होते.

कपाळाला गंध होतं. चष्म्यावर ऊन. मग ऊन सरकलं आणि डोळे दिसले.

मी पोरांना स्वाध्याय सोडवायला सांगून खुर्चीत बसले. फुलं आठवायचा प्रयत्न केला. पहिल्या दिवसापासून रात्री-अपरात्री नको असताना दिसणारी ती फुलं, तो गठ्ठा. ती येईनात. त्या दिवसानंतर ती आलीच नाहीत. आता येतो तो त्यांचा चेहरा. ते आमच्याकडे बघतात, नीट बघतात, दिगू म्हणतो, थांबला बघ तो, आणि ते थांबत नाहीत. मला माहीत आहे हे मी एका पोरीच्या पलंगाशेजारी उभं राहून जुळवलेलं आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो हेही मी अजून शिकवते. त्याचा काही उपयोग होत नाही. त्यानंतर ते सायकलवरून उतरून उभे राहिले की मी मान फिरवून जायचे. ते तरीही उतरायचे.

गेल्या श्रावणात चौगुले गेले. वृषालीचा फोन आला. "मावशी, तुम्ही आणि आजी याल का?" ती रडत होती. एवढ्या वर्षांनी बापासाठी रडत होती. मी येते म्हणाले.

गेले नाही. आई आता माझ्याकडेच असते, डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान तिखट आहेत. दुपार टळल्यावर तिने विचारलं, "गेली न्हाईस व्हय?"

"नाही."

"का गं? भला माणूस व्हता."

"त्यांनी आम्हाला बघितलं होतं, आई."

ती पलंगावर उठून बसली. "अगं, ते तू त्या पोरीला बरं वाटावं म्हणून..."

"माहीत आहे."

"तूच मला जीपमध्ये सांगितलंस. फुलं सोडून काय दिसलं न्हाई म्हणून."

"हो. सांगितलं होतं."

"मग?"

"पण त्यांनी बघितलं होतं."

आईने हात पुढे करून माझा चेहरा चाचपला, ताप आहे का बघावं तसा, आणि मग तो हात तिथेच राहू दिला.